ठराव क्रमांक सत्तेचाळीस : विषय, पाय चाटणे

मानवजातीच्या नैतिक इतिहासात काही दस्तऐवजांना कायमचं स्थान आहे, आणि कोलकात्यातल्या गरियाच्या 'शांतिनीड सहकारी आवासना'ने, म्हणजे गृहनिर्माण संस्थेने, गेल्या भाद्रपदात केलेला ठराव क्रमांक सत्तेचाळीस हा त्यांपैकीच एक. या ठरावाने पाय चाटण्यावर बंदी घातली. विनाअट, तत्काळ आणि एकमताने. अशी बंदी आजवर कुठल्या सरकारला, पक्षाला किंवा विद्यापीठाला घालता आलेली नाही. एवढंच नमूद करायला हवं, की ठराव एका कुत्र्याच्या पिल्लाविरुद्ध होता, सभेला दहा माणसं हजर होती आणि सगळ्यांच्या तोंडात गरम बेगुनी, म्हणजे वांग्याची भजी, असल्यामुळे मतदान माना हलवून झालं.

पिल्लाचे मालक निरापद भौमिक. निरापद म्हणजे ज्याच्यापासून कुणालाही धोका नाही असा. आणि भूमी-अभिलेख खात्याने हे नाव शब्दशः घेतलं होतं. चौतीस वर्षांपूर्वी ते ज्या टेबलावर लागले त्याच टेबलावरून निवृत्त झाले, कारण त्यांनी जन्मात कुठल्या साहेबाचे पाय चाटले नाहीत. हे वाक्य ते स्वतः अभिमानाने सांगत. त्यांची पत्नी हासिराणी तेच वाक्य वेगळ्या सुरात सांगे.

"दत्तसाहेबांच्या गच्चीवरच्या डालियांना एकदा नुसतं 'काय फुलं हो!' म्हटलं असतंत," हासिराणी म्हणे, "तर आज आपण बालीगंजात राहिलो असतो."

"फुलं बारकी होती."

"बालीगंज मोठं आहे."

अशा घरात आषाढात एक तपकिरी पिल्लू आलं, आणि त्याने पहिल्याच संध्याकाळी दूधवाल्याचे, विजेचं मीटर बघायला आलेल्या माणसाचे आणि चुकून दार वाजवलेल्या एका परक्या गृहस्थाचे पाय चाटले. चौतीस वर्षांत मालकाला जे जमलं नाही ते पिल्लाने जेवणाच्या आत करून दाखवलं. पुढे पुढे त्याला घर पुरेना. दार उघडं दिसलं की ते खाली लिफ्टपाशी जाई. आवासनात लिफ्ट एकच, आणि ती खाली येईपर्यंत माणसाला दोन्ही पाय घेऊन उभं राहण्यावाचून गत्यंतर नसे. पिल्लू आधी अंगठा चाटे, मग बोटांच्या मधल्या जागा, मग टाच. गडबड नाही, भेदभाव नाही. भाडेकरू आणि मालक यांना एकच न्याय.

हासिराणीने त्याचं नाव ठेवलं बुलटू.

बंगाली माणसाला दोन नावं असतात. एक कागदावरचं, ते चांगलं नाव. ते ऐकून समोरचा उठून उभा राहतो. दुसरं हाकेचं, ते ऐकून समोरचा हसतो. चांगल्या नावाने माणूस नोकरी करतो आणि हाकेच्या नावाने मार खातो. म्हणून शहाणा माणूस मोठा झाला की हाकेचं नाव पुरून टाकतो, आणि ते ज्यांना ठाऊक आहे अशा नातेवाइकांना समारंभात माइकपासून लांब बसवतो. बुलटू हे पिल्लाचं हाकेचं नाव. चांगलं नाव त्याला नव्हतं. नोकरी करायची नव्हती.

तक्रार केली तिसऱ्या मजल्यावरच्या शिवतोष कुंडू यांनी. कुंडूमोशाय विमा कंपनीत होते आणि भेगा पडलेल्या टाचांना रोज सकाळी मोहरीचं तेल लावत, त्यामुळे बुलटूची त्यांच्यावर विशेष मर्जी होती. त्यांनी आवासनाच्या सभापतींना रीतसर अर्ज लिहिला :

'मान्यवर महोदय, या आवासनात बुलटू लिफ्टपाशी सर्वांचे पाय चाटतो, ही गोष्ट आता लपून राहिलेली नाही. तो ओळखीचा-अनोळखी पाहत नाही, आणि त्यात त्याचा काही फायदाही दिसत नाही, केवळ सवय. नव्या भाडेकरूंपुढे आपण कोणता आदर्श ठेवतो आहोत, याचा विचार व्हावा व योग्य तो बंदोबस्त व्हावा.'

अर्जात 'कुत्रा' हा शब्द नव्हता. बुलटू कोण, हे वेगळं सांगायची गरज आहे असं कुंडूमोशायांना वाटलं नाही, आणि त्यात त्यांची चूक नव्हती. आवासनातल्या एकशेबारा माणसांपैकी एकशेदहांना ते ठाऊक होतं.

निरापदबाबू समितीचे सहसचिव होते. येणारा प्रत्येक कागद आवक नोंदवहीत चढवायचा आणि सभापतींना नेऊन द्यायचा, हे त्यांचं काम. स्वतःच्याच कुत्र्याविरुद्धचा अर्ज त्यांनी नोंदवला, त्यावर शिक्का मारला आणि मग ते बराच वेळ त्याच्याकडे पाहत बसले.

"हरवून टाका," हासिराणी म्हणाली.

"मी आजवर एकही कागद हरवलेला नाही. खात्यात कागद आपोआप हरवायचे."

"मग ऐका. बुलटूला बाहेर काढलं तर त्याच्यामागोमाग मीही निघेन. बारासातला बहिणीकडे जाईन. तुम्ही बसा इथे, स्वतःलाच पत्रं लिहा आणि स्वतःच आवक करा."

हासिराणी नुसती धमकी देणारी बाई नव्हती. मागे एकदा टीव्हीच्या आवाजावरून ती खरोखर अकरा दिवस बारासातला राहिली होती.

सभापती प्राचार्य मृगांकशेखर लाहिरी पावसाळ्याचे दोन महिने बंगळुरूला मुलाकडे काढून आदल्याच दिवशी परतले होते. पिल्लू त्यांनी पाहिलेलं नव्हतं, त्याच्याबद्दल ऐकलेलं नव्हतं. आणि निरापदबाबूंना एक गोष्ट ठाऊक नव्हती. ती सबंध आवासनात फक्त लाहिरींच्या शहाऐंशी वर्षांच्या आत्याबाईंना, पिशिमांना ठाऊक होती. त्या लाहिरींबरोबरच बंगळुरूला जाऊन आल्या होत्या. गोष्ट अशी, की प्राचार्य मृगांकशेखर लाहिरी, निवृत्त, दोन सुवर्णपदकं, यांचं हाकेचं नाव बुलटू.

शिवाय वैशाखात नगरसेवक नव्या जलवाहिनीची जागा पाहायला आले असताना लिफ्टपाशी त्यांच्या चपलेचा पट्टा सुटला होता. तो लावायला कोण वाकलं, हे कुणी पाहिलं नाही, असं लाहिरी समजत होते.

त्यांनी अर्ज वाचला. चष्मा पुसून पुन्हा वाचला.

"हे किती जणांना ठाऊक आहे?"

"सगळ्यांना, सर."

"सगळ्यांना?"

"लपवण्यासारखं राहिलंय काय? लिफ्टपाशी उभा असतो आणि येईल त्याचे चाटतो."

"येईल त्याचे नाही हो," लाहिरी हळूच म्हणाले. "एवढं तरी म्हणू नका."

"सर, तुमचं मन मोठं म्हणून तुम्ही असं म्हणता. मी घरचा माणूस, मी खोटं कशाला बोलू? पण हेतू वाईट नाही त्याचा. आईपासून फार लवकर तुटला. तेव्हापासून जो दिसेल त्याच्याकडून माया मागत फिरतो."

लाहिरींची आई ते चार वर्षांचे असताना गेली होती. त्यांनी खिडकीकडे तोंड केलं.

"हे तुम्हाला कोणी सांगितलं?"

"बायकोने. त्याचं सगळं तिला बरोबर कळतं."

"तुमच्या पत्नीला?"

"हो ना. माझ्यापेक्षा तिचा जास्त जीव आहे त्याच्यावर."

लाहिरींनी अर्ज पुन्हा उघडला. मग विचारलं, "नगरसेवकांची गोष्टसुद्धा...?"

"ती तर सगळ्यांच्या तोंडी आहे. दोन्ही पाय चाटले त्यांचे."

"डावाच!" लाहिरी ताडकन म्हणाले. "पट्टा डाव्याचा सुटला होता."

निरापदबाबूंना हे कळलं नाही. पण वरिष्ठांची न कळलेली वाक्यं तशीच पुढे जाऊ द्यायची, याचा त्यांना दांडगा सराव होता.

"मी डॉक्टरांना विचारलंय, सर."

"मला न विचारता?"

"ते म्हणाले, दुर्लक्ष करा. चाटायला लागला की सगळ्यांनी पाठ फिरवायची. एक अक्षर बोलायचं नाही. चार दिवसांत कळतं त्याला."

"आणि नाही कळलं तर?"

"तर मग ऑपरेशन. छोटंसंच असतं. एकदा झालं की फार शांत होतात म्हणे."

लाहिरींनी हातातला चहाचा कप खाली ठेवला. "ह्या वयात?"

"ह्याच वयात, सर. पुढे उपयोग नाही."

मग लाहिरी उभे राहिले. अशा आवाजात ते पूर्वी फक्त पदवीदान समारंभात बोलत. "भौमिकबाबू, रविवारी सभा बोलवा. निर्णय होण्याआधी मी लेखी खुलासा सादर करणार आहे."

"तुम्ही? स्वतः?"

"दुसरं कोण करणार?"

निरापदबाबूंना भरून आलं. चौतीस वर्षांत प्रथमच एखाद्या वरिष्ठाने त्यांच्या घरच्यासाठी लेखणी उचलली होती. ते घरी गेले आणि हासिराणीला म्हणाले, "देवमाणूस आहे."

रविवारी सभा लाहिरींच्याच बैठकीच्या खोलीत भरली. बुलटूला पुरावा म्हणून आणलं होतं. तो निरापदबाबूंच्या खुर्चीखाली झोपला. लाहिरी आतून आले, कुणाकडेही न पाहता बसले आणि खुलासा वाचू लागले. खुलासा अकरा पानी होता.

पहिली चार पानं 'पाय चाटणे' या संज्ञेच्या व्याख्येत गेली. नमस्कार, सेवा, शिष्टाचार आणि चाटणे यांच्या सीमारेषा आखून झाल्या. तोपर्यंत सभासद कौतुकाने ऐकत होते. एका पिल्लासाठी प्राचार्यांनी केवढा अभ्यास केला! पाचव्या पानावर 'चपलेचा पट्टा' आला. सहाव्यावर 'आवासनाच्या जलवाहिनीसाठी पत्करलेला वैयक्तिक कमीपणा' आला, आणि एकेक सभासद खुर्चीत नीट बसू लागला. सातव्या पानावर लाहिरींनी मान वर केली.

"आणि अर्जदार कोण? हे कुंडू! शाखाव्यवस्थापकांच्या सासूच्या श्राद्धानंतरच्या जेवणाला पाबदा मासे पारखून कोणी आणले? पहाटे, लेक मार्केटात, स्वतः पिशवी घेऊन?"

"मासे आणणं म्हणजे पाय चाटणं नव्हे!" कुंडूमोशाय ओरडले.

"पान चार पाहा. व्याख्या तीन, पोटकलम ख."

"अहो, पण मी तुमच्याबद्दल लिहिलंच नाही! मी बुलटूबद्दल लिहिलं!"

"तेच तर म्हणतोय मी! बुलटूबद्दलच!"

याच वेळी आतल्या खोलीतून पिशिमांचा खणखणीत आवाज आला, "बुलटू! ए बुलटू! माझं औषध कुठे ठेवलंस मेल्या?"

"आलो पिशिमा," प्राचार्य मृगांकशेखर लाहिरी म्हणाले, आणि अडुसष्ट वर्षांच्या सवयीने उठून उभे राहिले.

खुर्चीखालून पिल्लूही उठलं. ते त्यांच्या आधी आत पोहोचलं. पिशिमांना दिसत फारसं नसे. पायांना काहीतरी ओलं लागलं, तशा त्या मायेने म्हणाल्या, "असू दे, असू दे. औक्षवंत हो. एवढा मोठा झालास, पण पायाशी यायची सवय सोडली नाहीस हो, बुलटू."

बाहेर कुणी हसलं नाही. हसले असते तर बरं झालं असतं. हसणाऱ्याला माणूस माफ करू शकतो. नऊ जणांनी खाली माना घालून एकेक बेगुनी उचलली, ते माफ करण्याजोगं नव्हतं.

लाहिरींनी खुलाशाची अकरा पानं फाडली आणि उभ्या उभ्या ठराव सांगितला. निरापदबाबूंनी तो लिहून घेतला, कारण इतिवृत्त लिहिणं त्यांचंच काम होतं. शांतिनीड आवासनाच्या आवारात पाय चाटण्यास तत्काळ बंदी. सदर पिल्लाचा उल्लेख यापुढे त्याच्या हाकेच्या नावाने करू नये. मालकाने त्यास चांगले नाव द्यावे. विजयादशमीपर्यंत सुधारणा न दिसल्यास पिल्लाची आवासनातून हकालपट्टी.

"अक्षर चांगलं आलंय," लाहिरी सही करताना थंडपणे म्हणाले. "देवमाणूस," हासिराणी रात्रीच्या भाताबरोबर म्हणाली.

पिल्लाचं नाव समरेंद्रनारायण भौमिक असं नोंदवण्यात आलं. अडचण एवढीच, की ते पुरतं उच्चारेपर्यंत पिल्लू जिन्याचं एक वळण उतरून गेलेलं असे. हासिराणी त्याला बुलटूच म्हणे, पण दारखिडक्या लावून.

सुधारणेचा कार्यक्रम डॉक्टरांच्या सल्ल्याप्रमाणे सुरू झाला. पिल्लू दिसलं की प्रत्येकाने पाठ फिरवायची. सकाळी साडेनऊला लिफ्टपाशी आठ-दहा माणसं भिंतीकडे तोंड करून निमूट उभी असत. नव्याने येणाऱ्याला वाटे, आवासनात कुणीतरी गेलंय. तोही चपला काढून उभा राही. हळूहळू पाठ फिरवायची इतकी सवय झाली, की पिल्लू नसतानाही लोक एकमेकांकडे पाठ करू लागले. आवासनातली भांडणं निम्म्यावर आली. समितीने याची अभिनंदनपर नोंद घेतली.

आणि दुर्गापूजेच्या सुमाराला समरेंद्रनारायण खरोखर सुधारला. एखादा पाय समोर आला की तो त्याच्याकडे पाही, सुस्कारा टाकी आणि, ज्यांच्याकडून शिकला त्यांच्यासारखीच, पाठ फिरवून बसे. निरापदबाबूंनी सुधारणेचा अहवाल तीन प्रतींत तयार केला. हासिराणीने बारासातच्या बहिणीला कळवलं, की येत नाही.

विजयादशमीनंतर तिसऱ्या दिवशी नगरसेवक आले. बंगालात हे दिवस थोरांच्या पाया पडण्याचे आणि गोड खाण्याचे. आणि नगरसेवक प्रभागातल्या सगळ्यांपेक्षा थोर होते. बरोबर फोटोग्राफर होता. जलवाहिनीच्या कागदावर त्यांची सही अजून व्हायची होती.

"तुमच्याकडे ते एक पिल्लू होतं ना?" खुर्चीत बसता बसता त्यांनी विचारलं. "श्रावणात आलो होतो तेव्हा काय माया केली हो त्याने! दोन्ही पाय! हल्ली माणसं असं मनापासून करत नाहीत. आणा त्याला. येत्या वर्षाच्या कॅलेंडरवर तोच फोटो घालू. माझा आणि त्याचा." असं म्हणून त्यांनी चपला काढल्या आणि पाय पुढे केले.

समरेंद्रनारायणला आणलं. त्याने पायांकडे पाहिलं, सुस्कारा टाकला आणि पाठ फिरवली.

"लाजतोय," लाहिरी घाईने म्हणाले. "चाट ना रे, समरेंद्रनारायण. चाट बाबा."

"नावाने हाक मारा, सर. नावाने ऐकेल," कुंडूमोशाय म्हणाले.

"नावानेच मारतोय!"

"ते नाही. खरं नाव."

सगळं आवासन लिफ्टपाशी जमलं होतं. प्राचार्य लाहिरींनी एकदा वर पाहिलं, एकदा जलवाहिनीच्या कागदाकडे पाहिलं, आणि गुडघ्यावर बसून म्हणाले, "बुलटू. ये रे बुलटू. शहाणा आहे माझा बुलटू."

पिल्लू वळलं, जवळ आलं, नगरसेवकांचा अंगठा हुंगला आणि बसलं. लाहिरींनी डोळ्याने खूण केली. कुंडूमोशायांनी रसगुल्ल्यांच्या मडक्यातला पाक काळजीपूर्वक दोन्ही पावलांवर ओतला. पिल्लू उठून हासिराणीच्या मागे जाऊन बसलं. एक माशी आली. मग दुसरी.

"आता हे कोण पुसणार?" नगरसेवकांनी विचारलं.

लाहिरींनी खिशातून रुमाल काढला. डावा पाय त्यांनी घेतला, उजवा कुंडूमोशायांनी. फोटोग्राफर पिल्लासाठी कॅमेरा रोखून बसलेलाच होता. त्याने बटण दाबलं. कागदावर सही झाली. पण जाताना नगरसेवक म्हणाले, "कुत्र्याला वळण नाही तुमच्याकडच्या." आणि हे वाक्य लाहिरींच्या वर्मी लागलं.

त्याच संध्याकाळी ठराव क्रमांक अठ्ठेचाळीस झाला. सन्माननीय अतिथींचे पाय चाटण्यास नकार देऊन आवासनाच्या हितास बाधा आणल्याबद्दल पिल्लाची सोमवारपर्यंत हकालपट्टी. हाही एकमताने.

हासिराणीने माळ्यावरून ट्रंक काढली.

निरापदबाबूंनी मात्र दोन्ही ठराव शेजारी शेजारी ठेवले आणि चष्मा लावला. बऱ्याच वर्षांनी त्यांच्या चेहऱ्यावर रंग आला. सत्तेचाळीस म्हणतो, चाटलं तर बाहेर. अठ्ठेचाळीस म्हणतो, चाटलं नाही तर बाहेर. आणि सत्तेचाळीस रद्द करायचं कुणालाही सुचलेलं नव्हतं. भूमी-अभिलेख खात्यात अशा दोन कागदांवर माणसं आख्खं आयुष्य काढत. त्यांनी सहकार निबंधकांना पत्र लिहिलं : 'दोन वैध ठरावांत परस्परविरोध असल्याने आपले मार्गदर्शन मिळावे. नियमाप्रमाणे तोवर स्थिती जैसे थे राहील.' मार्गदर्शन कधीच येत नाही, हे त्यांना स्वानुभवाने माहीत होतं. असली पत्रं त्यांनी स्वतः फायलीत लावली होती. फक्त प्रतीवर निबंधकांच्या कचेरीचा आवक शिक्का हवा होता.

गुरुवारी आवक विभागातले गृहस्थ म्हणाले, "शिक्का सापडत नाही." शुक्रवारी म्हणाले, "समासात जागा कमी सोडलीत." शनिवारी दुपारी बाराला म्हणाले, "आज अर्धा दिवस. सोमवारी संध्याकाळी या."

सोमवारी संध्याकाळी घरात ट्रंक नसणार होती.

निरापदबाबू वळले, आणि त्यांचं लक्ष टेबलावर उघड्या पडलेल्या एका पातळ मासिकाकडे गेलं. पानावर कविता होती, वर त्याच गृहस्थांचं नाव आणि शेजारी पासपोर्टएवढा फोटो. कविता सोळा ओळींची होती. पाऊस, ट्रामचे रूळ आणि एक स्त्री. निरापदबाबूंनी ती उभ्याने वाचली. वाईट होती. त्यांनी ती पुन्हा वाचली, खुर्ची ओढून घेतली आणि म्हणाले, "दादा, आपण स्वतः वाचून दाखवाल का? छापल्यात तो आवाज येत नाही."

गृहस्थांनी वाचून दाखवली. निरापदबाबूंनी डोळे मिटले. नवव्या ओळीला त्यांनी हात वर करून थांबवलं आणि म्हणाले, "ही परत." मग म्हणाले, त्यांच्या मते बंगालीत असं गेल्या वीस वर्षांत कुणी लिहिलेलं नाही. मग आणखी एक कविता निघाली. ती वहीत होती, हस्तलिखित, सहा पानी. तीही त्यांनी ऐकली. ज्या कुणाला इथे हसू येत असेल, त्याने आपण कुठल्या टेबलापुढे काय काय ऐकून घेतलं आहे ते एकदा मनाशी आठवावं, आणि मग सहाव्या पानानंतर उठून दाखवावं.

शिक्का खणातच होता.

घरी आल्यावर हासिराणीने प्रत उजेडात धरून शिक्का पाहिला. तिने ट्रंकेतल्या साड्या एकेक करून कपाटात ठेवल्या.

"कसं जमवलंत?"

"कविता ऐकली."

"चांगली होती?"

"फार," निरापदबाबू म्हणाले, आणि पाय धुवायला गेले.

लाहिरींनी जैसे थेचं पत्र वाचलं आणि सही केली. त्या आठवड्यात बुलटूला लस टोचायची होती. दवाखान्यात रांग मोठी होती. निरापदबाबूंनी वेळ घालवायला लसीचं कार्ड वाचायला घेतलं. पुढची बाजू त्यांना पाठ होती, म्हणून त्यांनी ते उलटलं. मागे बारीक टायपात पिल्लांच्या सवयींचा तक्ता होता. तिसऱ्या ओळीत लिहिलं होतं : 'चाटणे. पाचव्या महिन्यापर्यंत अधिक, पुढे आपोआप कमी होते. उपाय : गरज नाही.' बुलटूला त्या दिवशी सातवा महिना लागला होता.